आडव्या कागदाचं कार्ड

छापखान्यात तिला सगळे जडहाती म्हणायचे. तेही अगदी तोंडावर. "जडहाती, सुतळी दे." "जडहाती, तुझा चहा निवतोय." खरं नाव होतं, पण ते हजेरीच्या वहीत पडून राहिलं. छापखाना सुटून सहा वर्षं झाली, तरी बाजारात जुना कुणी भेटला की पहिली हाक तीच. हाक मारणाऱ्याच्या मनात काही नसायचं, पण हिच्या डोक्यात अशी तिडीक जायची की घेतलेली भाजी टोपलीशीच विसरून ती घरी यायची.

त्या तिडिकीनेच तिला शेवटी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघितला, आणि खात्री करायला पुन्हा फुगवला.

"एवढा राग येतो तरी कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"एकाचाच येतो," ती म्हणाली, "पण पुरून उरतो."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि त्याखाली आणखी एक ओळ लिहिली. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, मंगळवारी आणि गुरुवारी, चार ते सहा, हाताने शुभेच्छापत्रं बनवण्याचा वर्ग. मन शांत होतं म्हणे. आता जिने एकतीस वर्षं बाइंडिंग खात्यात काढली, तिला कागदाची घडी घालायला शिकवणार, म्हणजे कमालच झाली. पण डॉक्टरांनी लिहून दिलं की ते औषध, आणि औषध ती चुकवत नसे. शिवाय सकाळी लेक कामावर गेली की घरात बोलायला भिंतीच होत्या.

वर्ग बरा होता. मोठ्या खिडकीखाली लांबलचक टेबल, त्यावर बरण्यांत उभे ब्रश, रंगीत कागदांची चवड, वाळवलेली फुलं, फिती, आणि भोवती डझनभर बायका न् दोन रिटायर झालेले गृहस्थ. शिकवणारी मुलगी पंचविशीतली. तिला सगळे कार्डवाली मॅडम म्हणत. तिचा आवाज इतका मऊ की पहिल्या दिवशी एक गृहस्थ बसल्या जागी घोरायला लागले.

"घाई नाही," कार्डवाली मॅडम म्हणायची. "श्वास घ्या, सोडा, आणि मग कात्री चालवा. ज्याच्यासाठी कार्ड करताय त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. काम संपेपर्यंत त्याला मनातून जाऊ देऊ नका."

कुणी नातीला डोळ्यांसमोर आणलं, कुणी परगावच्या बहिणीला. आमच्या बाईंनी छापखान्यातल्या फोरमनला आणलं. कानावर खोचलेली पेन्सिल, वरच्या खिशातून डोकावणारा चष्मा, आणि बोलताना डावीकडे वाकडा होणारा ओठ. त्याला समोर उभा केला आणि कात्री चालवली. गंमत म्हणजे हात असा काही स्थिर झाला की बघत राहावं. कागद कापताना ती मनातल्या मनात त्याचा एकेक शब्द कापत होती, आणि पाकळ्या मात्र एकसारख्या निघत होत्या. दोन महिन्यांत तिची कार्डं वर्गात पहिल्या नंबरला आली. रक्तदाबही उतरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" तिने मान डोलावली. चालतंय ते औषध कशाला बदला.

या फोरमनने तिचं काय घोडं मारलं होतं, ते आता सांगायला हवं.

कागदाला लाकडासारखी नस असते. छापखान्यात तिला ग्रेन म्हणतात. ग्रेनच्या बाजूने घडी घातली तर कागद मुकाट वळतो. आडवी घातली तरी वळतो, पण कुरकुरत, आणि त्यावर गडद रंग छापलेला असला तर चार वेळा उघडझाप केली की घडीवर रंग फुटून पांढरी रेघ उमटते. हे बाइंडिंगमधल्या कुणालाही पहिल्या महिन्यात कळतं. तिला तर डोळे मिटून कळायचं. कागदाचा कोपरा दोन बोटांत धरून नुसता वाकवला की ती सांगायची, उभा की आडवा. वीस वर्षं ती घडीच्या टेबलावर होती. बोटभर रुंदीची, गुळगुळीत झालेली हाडाची पट्टी घेऊन ती घडी दाबायची, आणि नवी आलेली माणसं आपलं काम सोडून तिचा हात बघत उभी राहायची. खात्याची मुख्य तीच होणार हे सगळे धरून चालले होते.

मग ती चार हजार निळी कव्हरं आली. कटिंगवाला त्या दिवशी आजारी होता, म्हणून मशीनवर खुद्द फोरमन उभा राहिला. शीट फिरवून लावली की प्रत्येक शीटमागे एक कव्हर जास्त निघत होतं. फोरमनला मालकापुढे मिरवायला तेवढं पुरे होतं. त्याने सगळा कागद आडवा कापला. पहिली पन्नास कव्हरं हातात आली तेव्हाच हिने जाऊन सांगितलं, "साहेब, हा कागद आडवा आलाय. घडी फुटेल."

"तू घडी घाल," फोरमन म्हणाला. "कागदाचं मी बघतो."

तिने घडी घातली. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाकडून गठ्ठेच्या गठ्ठे परत आले. प्रत्येक कव्हराच्या पाठीवर पांढरी भेग. मालक खाली उतरले, सगळं खातं हात बांधून उभं, आणि फोरमनने सगळ्यांदेखत तिच्या हातातली पट्टी काढून घेतली. "हिचा हात जड आहे," तो म्हणाला. "पट्टी रेटते. किती वेळा सांगितलं हिला." ती म्हणाली, कागद फाडून बघा, एकदा उभा फाडा, एकदा आडवा. पण मालकांना कागदातलं काही कळत नव्हतं, त्यांना फोरमनचं बोलणं कळत होतं. तिच्या शेजारी खळवाली बसायची, पुस्तकांच्या पाठींना खळ लावणारी. तिने तर हिने फोरमनला दिलेली ताकीद स्वतःच्या कानांनी ऐकली होती. खळवालीने खळीच्या वाडग्यात डोळे घातले ते मालक जाईपर्यंत काढले नाहीत.

दुसऱ्या दिवशी हिची रवानगी पॅकिंगला. अकरा वर्षं ती सुतळीने गठ्ठे बांधत राहिली. घडीच्या टेबलावर दुसरी बाई आली, ती पुढे मुख्यही झाली. हिला ते हातून गेलेलं काम डाचायचं, पण त्याहून ते नाव डाचायचं. हात हीच तिची अब्रू होती, आणि त्या अब्रूला फोरमनने एक शब्द चिकटवून दिला होता. तो शब्द ज्याच्या तोंडून निघाला त्याच्याच तोंडून परत गेला पाहिजे, तोही चारचौघांत, एवढंच तिला हवं होतं. सतरा वर्षं हवं होतं.

तर एका गुरुवारी वर्गात एक नवीन बाई आली. चाळिशीची, हसतमुख, हाताने अगदी अडाणी. पहिल्या तासाभरात तिने स्वतःची बाही टेबलाला चिकटवली. कार्डवाली मॅडमने नेहमीप्रमाणे विचारलं, कुणासाठी करताय?

"माझ्या बाबांसाठी," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात पंचाहत्तर पूर्ण होतायत. ते छापखान्यात फोरमन होते. कागदाची इतकी पारख आहे त्यांना, माझं असलं कार्ड दाखवायची लाज वाटते."

आमच्या बाईंनी कात्री खाली ठेवली. नवीन बाईचा ओठही बोलताना डावीकडे किंचित वाकडा होत होता. आधी कसं दिसलं नाही कोण जाणे.

"मी करून देते," ती म्हणाली.

"खरंच, मावशी? तुमचा हात काय सुरेख आहे."

हात सुरेख आहे. फोरमनची लेक म्हणतेय. तिला हसू आलं. मुलगी गोड होती, यात वाद नाही. पुढच्या वेळी तिने मावशीसाठी घरून बिस्किटं करून आणली. मावशीने ती खाल्ली, चांगली झालीत म्हणून सांगितलं, आणि कामाला लागली. बिस्किटांनी विरघळायला तिचा राग काही कालचा नव्हता.

तिने तीन दुकानं पालथी घातली आणि नेमका तोच निळा कागद आणला. जाड, चकचकीत, वरून गडद निळा, पोटात पांढरा. कोपरा वाकवून बघितला, ग्रेन कुठून कुठे जाते ते पक्कं केलं, आणि कार्ड आडवं कापलं. मग हलक्या हाताने घडी घातली, अगदी पिसासारखी. पट्टी तीच. फोरमनने हिसकावून घेतली होती खरी, पण त्याच संध्याकाळी त्याच्या टेबलावरून उचलून तिने ती पिशवीत टाकली होती.

पहिलं कार्ड आठव्यांदा उघडल्यावर फुटलं. फार उशीर. दुसरं घडी घालतानाच फुटलं. मग तिने घडीच्या आतून पट्टीने कमीजास्त रेघ ओढून बघितली. किती ओढली की कितव्या उघडण्याला फुटतं, हे ती सावकाश, शांतपणे, बोटांवर मोजत होती. कार्डवाली मॅडम मागून येऊन उभी राहिली.

"काकू, तुम्ही एकच कार्ड सहा वेळा करताय. केवढा संयम आहे तुमच्यात."

"मनासारखं होईपर्यंत करायचं," ती म्हणाली.

"हेच. अगदी हेच मला सगळ्यांना शिकवायचंय."

सातवं कार्ड मनासारखं झालं. वर पांढऱ्या कागदातून कापलेली फुलं, त्यांच्या मधोमध सोनेरी अक्षरांत वाढदिवसाच्या शुभेच्छा, आत कोरं. तीनदा उघडलं की फुटणार, त्याआधी नाही. फोरमनच्या लेकीने ते न उघडता वरूनच बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. "मावशी, तुम्ही वाढदिवसाला यायचंच. बाबांचे छापखान्यातले जुने लोकही येणारेत."

"येईन की," ती म्हणाली. "न येऊन कसं चालेल."

वाढदिवस दुपारचा होता. तिसऱ्या मजल्यावरचं घर, दिवाणखान्यातल्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या, मधल्या टेबलावर केक. छापखान्यातले आठ-दहा जण आले होते. खळवाली होती, केस सगळे पिकलेले. पुस्तकं शिवणारा शिलाईवाला होता, त्याचा गुडघा गेलेला. तिला बघून खळवालीने हाक मारली, "अगं जडहाती, तू इथे कशी?" आणि खुर्ची सरकवून जागा दिली. ती बसली. फोरमन समोर आरामखुर्चीत होता. सुकला होता, पण ओठ तोच. त्याने तिच्याकडे बघितलं आणि नजर पुढे गेली. ओळखलं नाही.

आणि इथे गाडी रुळावरून घसरायला लागली. लेकीने कार्ड आधी शेजारणीला दाखवलं. शेजारीण म्हणाली, वा, आणि उघडलं. एक. मग जावयाने उघडून बघितलं. दोन. मग शिलाईवाल्याने हात पुढे केला. सात कार्डं केली, सतरा वर्षं वाट बघितली, आणि आता हे फुटणार शिलाईवाल्याच्या हातात.

"हात पूस आधी," ती शिलाईवाल्याला म्हणाली. "केकचं लोणी लागेल त्याला. ज्याचं आहे त्याला दे."

शिलाईवाला ओशाळला आणि हात पुसत बसला. लेकीने कार्ड नेऊन बाबांच्या हातात ठेवलं.

फोरमनने खिशातून चष्मा काढला. आधी फुलं बघितली, कापलेल्या कडा बघितल्या, मान डोलावली. मग उघडलं. तो आवाज दुसऱ्या कुणाला ऐकू आला नसेल, तिला आला. त्याने कार्ड मिटलं आणि घडीवरून अंगठा फिरवला. निळ्यावर वरपासून खालपर्यंत पांढरी भेग.

"कुणी केलंय हे?"

लेकीने कौतुकाने बोट दाखवलं. फोरमनने चष्म्यावरून बघितलं, आणि आता मात्र ओळखलं. ओठ डावीकडे गेला.

"जडहाती. तरीच म्हटलं. अजून पट्टी रेटतेस वाटतं."

छापखान्यातले लोक हसले. वाईट हेतूने नाही, जुनी ओळख निघाल्यासारखे हसले. लेकीचं तोंड मात्र एवढंसं झालं. तिला कळेना, आपल्या मावशीला बाबा काय म्हणाले.

ती उठली नाही. याच वाक्यासाठी तर आली होती. "साहेब," ती म्हणाली, "दाबून फुटलंय ते? नीट बघा. का आता नजर राहिली नाही? पूर्वी तुम्ही नुसतं बोट लावून सांगायचात."

फोरमनला दुसरं काहीही बोलला असतात तरी चाललं असतं. पण पारखीचं नाव काढलं की तो पेटायचा, हे तिला पुरतं ठाऊक होतं. त्याने चष्मा काढून मांडीवर ठेवला, मुद्दाम डोळे मिटले, कार्डाचा कोपरा दोन बोटांत धरून वाकवला. एकदा असा, एकदा तसा.

"नजर कशाला लागते याला," तो म्हणाला. "कागद आडवा कापलाय. आडव्या कागदावर घडी फुटणारच. घालणाऱ्याचा हात फुलासारखा असला तरी फुटणार."

"पुन्हा एकदा सांगा. शिलाईवाल्याला कमी ऐकू येतं."

"घालणाऱ्याचा हात फुलासारखा..." आणि तो थांबला. डोळे उघडले.

खळवालीने हातातली बशी खुर्चीखाली ठेवली. बाइंडिंगमधली माणसं ती, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. निळं कव्हर, पांढरी भेग, सगळं समोरच होतं.

"मग त्या चार हजार कव्हरांचं काय, साहेब?" ती म्हणाली. "मशीनवर कोण होतं त्या दिवशी?"

फोरमन लेकीकडे बघून हसला. मोठ्या मनाने चूक कबूल करणारा माणूस हसतो तसा. "अगं, किती जुनी गोष्ट. मीच होतो मशीनवर. शीटमागे एक कव्हर जास्त निघत होतं, मोह झाला. मालक पेटलेले, कुणाचं तरी नाव पुढे करावं लागणारच होतं. आणि तुझी नोकरी गेली नाही ना? पॅकिंगमध्ये बसून काम होतं, आरामाचं."

एक-दोघे हसायला गेले आणि मध्येच थांबले.

आराम. अकरा वर्षं सुतळीने बोटं कापून घेतली त्याला आराम म्हणतात. तिच्या कानशिलात ठणका उठला. पट्टा बांधला असता तर डॉक्टरीणबाई बेशुद्ध पडल्या असत्या. पण हात स्थिर होता. तिने पिशवीतून पेन काढलं, उठली, आणि ते कार्डावर ठेवलं.

"आत कोरं ठेवलंय," ती म्हणाली. "आता जे बोललात ते लिहा, आणि खाली सही करा."

"खुळी का काय तू? माझ्या वाढदिवसाचं कार्ड आहे हे."

"मला तेव्हा ऐकू आलं होतं," खळवाली मध्येच बोलली. "हिने आधीच सांगितलं होतं तुम्हाला. मी तिथेच होते."

"आणि तेव्हा काय तोंडात खळ धरून बसली होतीस?" ती खळवालीकडे न बघता म्हणाली. खळवालीचाही नंबर लागायचा होता, पण तो नंतर.

फोरमनने पेन बाजूला सारलं. तेवढ्यात लेक पुढे आली. चेहरा पांढराफटक. तिने पेन उचललं आणि बाबांच्या बोटांत दिलं.

"लिहा, बाबा."

त्याने लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं. चार हजार निळी कव्हरं मी आडवी कापली. तिचा हात जड नव्हता. खाली सही. हिने शाई वाळेपर्यंत वाट बघितली, कार्ड मिटलं, पिशवीत ठेवलं आणि केक न खाता निघाली. लेक दारापर्यंत आली. नुसती दाराची कडी धरून उभी राहिली. तिच्याबद्दल वाईट वाटलं का? वाटलं. जिना उतरेपर्यंत वाटलं.

महिन्याभराने वाचनालयात वर्गाचं प्रदर्शन भरलं. लांब टेबलावर सगळ्यांची कार्डं उभी, नातींची, बहिणींची, फुलाफुलांची. मधोमध हिचं निळं. कार्डवाली मॅडमने आतला मजकूर दोनदा वाचला, पण काढायचं धाडस तिला झालं नाही. फोरमनची लेक वर्गाला पुन्हा आली नव्हती. छापखान्यातले मात्र झाडून आले. खळवाली आली, तिने ते उघडून मोठ्याने वाचलं, मग शिलाईवाल्याला वाचून दाखवलं. नंतर तिने हिला हाक मारली, हजेरीच्या वहीतल्या नावाने. हिला क्षणभर कळलंच नाही कुणाला बोलावतायत.

"मन शांत झालं का हो, काकू?" कार्डवाली मॅडमने हळूच विचारलं.

"खूप," ती म्हणाली. "मी इतक्या लवकर गुण येईल असं धरलं नव्हतं."

आठवडाभर लोक ते कार्ड उघडत होते आणि मिटत होते. शेवटच्या दिवशी घडी पार गेली आणि कार्डाचे दोन तुकडे झाले. एकावर फुलं आणि शुभेच्छा, दुसऱ्यावर फोरमनचं वाकडं अक्षर. अक्षराचा तुकडा तिने घरी चौकटीत बसवून दारासमोरच्या भिंतीवर लावला, आलेल्या माणसाला पहिला तोच दिसावा म्हणून. फुलांचा तुकडा तिने पाकिटात घातला, वर फोरमनचा पत्ता लिहिला आणि टपालपेटीत टाकला. शुभेच्छा त्याच्या होत्या, त्या ठेवून घेऊन ती काय करणार होती?